कानामागचा काजू

“हलू नका. वायच मान कलती करा.”

“अगो, कान उपटतलंस माझो!”

“उपटलो तरी काय मोठा नुकसान? तसोय तो फुकटच.”

“काय?”

“काय नाय,” मी म्हटलं.

थट्टा एकदाच करता येते. तीच दुसऱ्यांदा ओरडून केली की तिचं भांडण होतं. आमच्या घरात ही गोष्ट मी कधीच शिकले होते, म्हणून पुढचं न बोलता यांच्या कानामागे ते यंत्र बसवत राहिले. मागच्या दाराशी पाटावर हे बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले, न्हाव्यासमोर बसावं तसे. बाहेर तांबडं फुटत होतं आणि पुढच्या अंगणात गडीमाणसं जमायला लागली होती. कुत्र्यांचं गुरगुरणं ऐकू येत होतं. अर्थात मला.

यंत्र दिसायला अगदी काजूगरासारखं, तसंच वाकडं, तसंच पोट असलेलं, रंग तेवढा मातकट. त्यातून एक बारीक नळी निघे आणि तिच्या टोकाला रबराचं बोंड. बोंड कानाच्या भोकात, काजू कानामागे. पाठीवर नखाएवढं चाक. वर सरकवलं की आवाज वाढायचा, खाली ओढलं की कमी व्हायचा. मी चाक हळूच वर सरकवलं.

यांनी डोळे उघडले.

“कुत्रे इले,” हे म्हणाले. मग जरा थांबून, “तीन आसत. एक न्हानूचो.”

“होय,” मी साध्या आवाजात म्हटलं, आणि साध्या आवाजात बोलताना माझाच गळा मला अनोळखी वाटला.

ते यंत्र आमच्या विलासने मस्कतहून पाठवलं होतं. कानांसाठी काहीतरी घ्या म्हणून मी कितीतरी वर्षं यांच्या मागे लागले होते. कुडाळच्या डॉक्टरने तपासून सांगितलं होतं की जन्मभर बंदुकीजवळ कान धरल्यावर दुसरं काय होणार, यंत्र लावा. हे उठून चालते झाले. गावच्या मानकरी राऊळाने भैऱ्याचं यंत्र लावून गावात फिरायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं. मग विलासलाच युक्ती सुचली. फोनवर म्हणाला, “आई, बाबांका सांग, ह्या भैऱ्यांचा न्हय. शिकाऱ्यांचा आसा. तिकडचे लोक कान चांगले असून लावतत. पाचोळ्यात उंदीर हललो तरी कळता. आणि बार काढलो काय आपसूक गप होता, कानाक धक्को बसणा नाय.”

मी हे पाटीवर लिहून दाखवलं. ‘शिकारीचं’ या शब्दावर यांचं बोट थांबलं.

पुडकं आलं त्या दिवशी अंगणात उभं राहून यांनी पहिल्यांदा ते लावून बघितलं. कोंबडी उकिरडा उकरत होती तिकडे बघितलं, माडाची झावळी घासत होती तिकडे बघितलं. मी पायरी उतरून जवळ गेले तर माझ्या पायांकडे बघून म्हणाले, “ह्या काय वाजता?”

“माझो गुडघो.”

“कधीपासून?”

“सात-आठ वर्सा झाली. सांगत होतंय मी.”

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग हात वर करून यंत्र काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. “जपून ठेव. सेल फुकट जातलो. शिकारीक लागतलो.”

तेव्हापासून ते यंत्र जपणं माझं काम झालं. यांच्या बोटांना बंदुकीचा चाप कळायचा, पण त्या काजूचं पोट उघडायचं इवलंसं दार काही सापडायचं नाही. विलासने फोनवर सगळं समजावून दिलं आणि मी ते पाठ केलं. ठेवताना दार उघडं ठेवायचं, म्हणजे सेल उतरत नाही. नव्या सेलावरचा कागद सोलला की लगेच आत घालायचा नाही, जरा वारा लागू द्यायचा. बोंड आणि नळी सुटी करून कोमट साबणपाण्यात धुवायची, पण काजूला पाणी लागता कामा नये. नळीत पाण्याचा थेंब अडकला तर फुंकून काढायचा, नाहीतर आवाज गुदमरतो. आमच्याकडे पावसाळ्यात मीठसुद्धा पाणी सोडतं, म्हणून मी तांदूळ भाजून डब्यात घालायची आणि त्यात फडक्यात गुंडाळून काजू ठेवायची. आणि तो जिवंत आहे का ते बघायचं तर मुठीत धरायचा. मूठ मिटली की आतून बारीक शिट्टी वाजायची. तळहातात पाखरू धरल्यासारखं वाटायचं.

रोज जपायची मी, आणि माझ्यासाठी म्हणून तो एकदाही कानावर चढला नव्हता.

“आज जेवताना लावा,” मी खुणेने सांगायची.

“घरात काय डुकर येतलो?” हे म्हणायचे.

मला बोलायचं होतं. खूप साठलं होतं असं नव्हे, पण जे होतं ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. आमच्या अंगणात चढ्या आवाजात बोललेलं खाली धुऱ्यांच्या विहिरीवर ऐकू जायचं. विलासची बायको मस्कत सोडून सावंतवाडीला माहेरी येऊन राहिली होती आणि आता परत जाणार नव्हती. चतुर्थीला विलासने मला फोनवर सांगितलं, रडला. म्हणाला, बाबांना तूच सांग. कसं सांगू? सुनेचं घर मोडतंय हे विहिरीवरच्या बायकांना ऐकवून? पाटीवर लिहायला घेतलं होतं एकदा. एवढंसं वाक्य होतं, पण हात धजला नाही. असलं काही जवळ बसून, हळू, दहा वेळा अडखळत सांगायचं असतं.

म्हणून त्या सकाळी बोंड कानात घालता घालता मी यांना म्हटलं, “आज शिकार करून इलास काय ह्या काढू नकात. सांजेक वायच माझ्याकडे बसा. माका सांगूचा आसा.”

यांनी माझ्याकडे बघितलं. आता ऐकू येत होतं, त्यामुळे न ऐकल्याचं निमित्त नव्हतं.

“बसतंय,” हे म्हणाले. “सांजेक बसतंय तुझ्यासमोर. बोल तुका काय बोलायचा ता.”

मग कानटोपी ओढून यांनी काजू झाकून टाकला. “भायर कोणाक सांगा नको. आज डुकर निघाल्याचा पयला मी सांगतलंय तेंका. बघूया तोंडा कशी होतत ती.”

हसले. इतकं हसताना यांना मी कैक दिवसांत पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी डुकरांनी उच्छाद मांडला होता. तुळशीचं लग्न झालं होतं, भात कापून झालं होतं, पण कणगर-कंदांची वरकस जमीन पार नांगरल्यासारखी उकरून ठेवली होती. परवानगी निघाली होती आणि गावाने रान काढायचं ठरवलं होतं. रान काढायचं म्हणजे निम्म्या लोकांनी एका अंगाने ओरडत, डबे बडवत जनावर उठवायचं आणि बंदूकवाल्यांनी दुसऱ्या अंगाला वाटा धरून बसायचं. आमच्या गावात याची एक रीत होती. राऊळांची बंदूक पुढे निघाल्याशिवाय रान काढायचं नाही. देवाला गाऱ्हाणं राऊळाने घालायचं, पहिली वाट राऊळाची, आणि शिकार कोणीही केली तरी डुकराचं डोकं राऊळांच्या दारात. यांच्या आजोबांपासून तसंच चाललं होतं. त्यातून यांचा नेमही तसाच होता. मागच्या चारपाच वर्षांत तर गावात पडलेलं जवळजवळ प्रत्येक डुक्कर यांच्याच बारावर पडलं होतं. कान गेले पण हात नाही गेला, असं हे मिशीवर बोटं फिरवत म्हणायचे.

अंगणात न्हानू गावडे यांची बंदूक घेऊन आंब्याला टेकून उभा होता. न्हानू यांचा लहानपणापासूनचा जोडीदार. दोघांनी गुरं एकत्र राखली, पहिली बंदूक एकत्र उचलली. यांचे हात कापायला लागल्यापासून यांची ठासणीची बंदूक तोच भरायचा आणि यांच्या मागे, वीस-पंचवीस पावलांवर, स्वतःची बंदूक घेऊन तोच बसायचा.

“आपानू, उशीर केलात,” तो मोठ्याने म्हणाला आणि हाताने सूर्य दाखवला. मग आवाज न चढवता माझ्याकडे बघून, “वयनी, आज म्हाताऱ्याक पावडर-कुंकू करून धाडलंस काय? केवढो वेळ!”

मला हसू आलं. हेही हसले. न्हानूच्या ते लक्षात आलं नाही.

“भर रे न्हानू,” हे म्हणाले.

मी दारातच उभी होते. हे मी इतक्या वेळा बघितलं होतं, की डोळे मिटूनही सांगितलं असतं. न्हानूने शिंगातली दारू नळीत ओतली. काथ्याचा बोळा घातला. गजाने ठासलं. कमरेच्या पिशवीत हात घातला, मूठ भरून नळीच्या तोंडाशी नेली. पुन्हा बोळा, पुन्हा गजाचे ठोके.

यांचा हात कानटोपीकडे गेला.

शिट्टी वाजत असणार, माझ्या मनात आलं. बोंड नीट बसलं नाही की शिट्टी वाजते. मी पुढे झाले, पण हे माझ्याकडे बघतच नव्हते. न्हानूच्या मुठीकडे बघत होते.

“भरलंस?” यांनी विचारलं.

“भरलंय आपानू.”

“सगळा?”

“सगळा,” न्हानू मान हलवून म्हणाला. “छर्रे मूठभर. हत्ती पडात.”

यांनी बंदूक हातात घेतली. वर-खाली करून जोखली, जरा वेळ धरून ठेवली. मग नारळ उचलून गाऱ्हाण्याला उभे राहिले. ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा गाऱ्हाण्याच्या मध्येच थांबले. मागे उभे असलेले लोक ‘होय म्हाराजा’ म्हणायला तोंड उघडून ताटकळले. खालच्या घरचा बाबी धुरी तोंडावर हात घेऊन कोणाला तरी काही म्हणाला. मग यांनी पुढचं पुरं केलं, घाईघाईने, आणि मंडळी निघाली. पाणंदीच्या वळणावर हे एकदा मागे वळले. मला वाटलं, संध्याकाळची आठवण ठेवलीय. मी हात वर केला.

तो दिवस मी फार आनंदात काढला. कुळथाची पिठी केली, तांदळाची भाकरी करायला पीठ काढून ठेवलं. काय काय आणि कोणत्या क्रमाने सांगायचं ते मनात घोळवत होते. आधी सुनेचं. मग माझ्या गुडघ्याचं. मग एक-दोन अशाच गोष्टी, ज्यांना काही अर्थ नाही पण ज्या कोणाला तरी सांगाव्याशा वाटतात. दुपार कलल्यावर रानाकडून बार ऐकू आला, नेहमीसारखा, एकावर एक चढलेला, जाडजूड. डोंगरात आवाज फिरून येतो म्हणून दोन वाटतात, असं हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगत होते. मी देवाला हात जोडले.

उन्हं उतरायच्या आत मंडळी परतली. डुक्कर मोठं होतं. व्हाळाच्या पाण्याकाठी भाजून, कापून, आमच्या अंगणात केळीच्या पानांवर वाटे घालायला सुरुवात झाली. माणशी एक वाटा, बंदुकीचा एक, कुत्र्यांचा अर्धा. हे पायरीवर बसले होते. कानटोपी तशीच होती. मी जवळून जाताना हळूच विचारलं, “डुकर निघाल्याचा पयला कोणी सांगला? तुमीच काय?”

यांनी मान वळवली नाही. शिट्टी नव्हती, सेल तर सकाळीच नवा घातला होता. हे समोर बघत होते.

डुकराचं डोकं आणून न्हानूने यांच्या पायाशी ठेवलं. “आपानू, तुमचो मान!” तो ओरडला आणि यांच्या पाठीवर थाप मारली. “काय बार मारलास! एका बारान आडवो!”

अंगणात हसू पिकलं.

बाबी धुरी वाटे घालत होता. पायरीपासून हातभर अंतरावर बसून, आवाज न चढवता, रोजच्यासारखा तो बोलायला लागला. भैऱ्या माणसासमोर लोक बोलतात तसा, खांबासमोर बोलावं तसा.

“आपांचो बार म्हणजे दिवाळीचो बार. धूर मोठो, आवाज मोठो. डुकर घाबरान मेलो म्हणा होयो तर.”

“गप रे बाबी,” न्हानू म्हणाला.

“गप कित्याक? मी न्हानूदादाक मानतंय. तेचो नेम तर हाच, पण तेची येळ बघ! आपांनी चाप ओढूक आणि मागसून तेणा आपलो ओढूक. एकदाय मागेपुढे नाय. नाटकात घालूचो होतो तेका.”

माझ्या हातात पाण्याची कळशी होती. मला काही समजलं नव्हतं, पण यांच्या पाठीचा कणा मी बघत होते, आणि तो हळूहळू ताठ होत होता.

“बाबी, चाय घेतंस?” मी मोठ्याने मध्येच विचारलं.

“घेतंय, काकी. आणि आपांका जास्त साखर घाल. दमले आसतले. नुसत्या दारूचो धक्कोय वायच बसताच खांद्याक.”

पुन्हा हसले सगळे. मी कळशी हातातून सोडली. मुद्दाम सोडली. पितळेची होती, पायऱ्यांवरून वाजत गेली. कुत्री भुंकली. यांना आवाज लागला असणार, कारण यांनी डोळे आवळले. पण मग यांचा हात कानटोपीत गेला. चाक खाली ओढलं की आवाज कमी होतो. यांनी ते वर सरकवलं.

“कोण ऐकता?” बाबी न्हानूला म्हणत होता. “ढोल बडवलो तरी आपांका पानय हलल्याचा कळणा नाय. गावाक राऊळांची बंदूक होयी. तिच्यात काय आसा ता देवान थोडाच बघितलाहा?”

हे उठले.

आत गेले आणि छर्ऱ्यांचा डबा घेऊन आले. बंदूक आंब्याला टेकलेली होती, ती उचलली, नळी सरळ धरली आणि डब्यातले छर्रे मूठभर घेऊन एकेक, दोन-दोन असे नळीत सोडायला लागले. लोखंडाच्या नळीत शिसं पडताना जो आवाज होतो तो मी त्या दिवशी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकला. खडखड करत खाली जातो, आणि तळाशी जाऊन ठक्क करून थांबतो. बाबीच्या हातात मांसाचा तुकडा तसाच राहिला. हे सावकाश, मूठ रिकामी होईपर्यंत सोडत राहिले.

“असो आवाज येता,” हे म्हणाले. अजिबात न ओरडता म्हणाले. बहिरा माणूस नेहमी मोठ्याने बोलतो, पण त्या दिवशी यांना स्वतःचा आवाज ऐकू येत होता. “सकाळी ह्यो आवाज येवक नाय, न्हानू.”

मग यांनी कानटोपी काढली.

न्हानू खाली बसला.

“कधीपासून?” यांनी विचारलं.

शेवटी बाबीच बोलला, पण त्याचा तोरा गेला होता. “आपानू, तुमका आठवता, खालच्या कड्यार आमी रान काढलेला... मी भायर येत होतंय. रीतीपरमाणा मी ओरडत इलंय, ‘माणूस, माणूस’ म्हणान.”

रानातून बाहेर पडणाऱ्याने बंदुकांच्या रांगेजवळ आलं की असं ओरडायचं, म्हणजे झुडूप हललं तरी कोणी बार काढत नाही. लहान पोरालाही ही रीत ठाऊक असते.

“तुमी बार काढलास,” बाबी म्हणाला. “छर्रो माझ्या कानाकडसून गेलो. हय. अजून खूण आसा.”

हे बाबीच्या कानाकडे बघत राहिले. त्यांना आठवत होतं की नव्हतं कोण जाणे. त्या दिवशी डुक्कर निसटलं एवढंच यांनी मला सांगितलं होतं.

“मगे तोंडान सांगूक काय झाला होता?” हे न्हानूला म्हणाले. “माका सांगूचा. आपा, तू बंदूक ठेव, आता पुरे. मी ठेवलंय असतंय. तू सांगतंस तर ठेवलंय असतंय.”

न्हानू रडायला लागला होता. “सांगलंय रे आपा.” जन्मात पहिल्यांदा सगळ्यांसमोर त्याने यांना एकेरी हाक मारली. “तीनदा सांगलंय. तुझ्याकडे बसान, ह्याच पायरेर. तू ‘होय, होय’ म्हणालंस आणि माका तमाखू दिलंस. तुका ऐकाक येवक नाय. माका लिवाक येणा नाय, आणि ओरडान कसा सांगू मी तुका? सगळ्या गावासमोर ओरडान सांगू, राऊळाचो हात माणसार उठलो म्हणान?”

यांनी पायाशी डुकराचं डोकं होतं ते उचलून बाबीच्या पानावर नेऊन ठेवलं. बंदूक न्हानूच्या मांडीवर ठेवली. मग घरात आले. त्यांच्या मागोमाग मी आले.

बाहेर माणसं हलक्या पावलांनी निघून जात होती. कोणी वाटे घेतले, कोणी तसेच टाकले. हे स्वयंपाकघरात मागच्या दाराशी पाटावर बसले, सकाळच्याच जागी. मी समोर बसले. यंत्र कानावर होतं. मला आठवतं, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं, की आता हे बसलेत, आता बोलता येईल. सुनेचं नाही, ते आज नाही. पण दुसरं काहीतरी, हळू आवाजातलं. तुम्ही होतात तसेच आहात, असं काहीतरी.

“तू दारात उभी असतंस,” हे म्हणाले. “दरवेळेक. तो भरता तेव्हा तू दारात उभी असतंस.”

“होय.”

“माझे कान गेले. तुझे तर धड होते.”

मला समजायला वेळ लागला. मला तर माहीतच नव्हतं. न्हानूची मूठ नळीशी जाताना मी पाहिली होती. तिच्यातून काय पडायला हवं होतं, ते पडताना कसं वाजतं, हे बाईमाणसाला कोण सांगतं? ती पुरुषांची कामं, तो पुरुषांचा आवाज. मी दारात उभी राहायची ती बंदूक बघायला नव्हे. जाताना हे एकदा मागे वळतील म्हणून.

“तुका म्हाईत होता,” हे म्हणाले. प्रश्नच होता तो, पण प्रश्नासारखा विचारला नाही.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात यांनी हात वर नेला आणि यंत्र काढलं. बोंड कानातून ओढून बाहेर घेतलं, नळी गुंडाळली, आणि जे दार यांच्या बोटांना कधी सापडलं नव्हतं ते पहिल्याच प्रयत्नात नखाने उघडलं. सेल काढून वेगळा ठेवला. दोन्ही माझ्यासमोर जमिनीवर ठेवून दिली.

“नाय,” मी म्हटलं. “माका म्हाईत नव्हता.”

हे माझ्याकडे बघतही नव्हते. भिंतीकडे तोंड करून त्यांनी सदऱ्याच्या गुंड्या सोडायला घेतल्या.

“माका म्हाईत नव्हता,” मी ओरडले. यांच्या खांद्याला धरून, यांचं तोंड माझ्याकडे वळवून ओरडले. माझे ओठ यांना दिसत होते, शब्द कळत होता, मला खात्री आहे. एवढे तीन-चार शब्द यांना ओठांवरून कळायचे. यांनी डोळे मिटून घेतले.

त्यानंतर हे बरीच वर्षं जगले. चांगले खाऊन-पिऊन, शेतावर जाऊन जगले. बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. गावाने रीत बदलली आणि रान काढायला दुसऱ्या घराची बंदूक पुढे घातली, त्यात काही अडलं नाही. न्हानू दर सणाला पायरीवर येऊन बसायचा. हे त्याला तमाखू द्यायचे, शेवटपर्यंत दिली. न्हानूला यांनी माफ केलं होतं, त्याने तीनदा सांगितलं होतं म्हणून. सुनेचं यांना धुऱ्यांकडून कळलं. त्यावर मला काहीच विचारलं नाही.

यंत्र यांनी पुन्हा कधी लावलं नाही. मी पुढे केलं की हात मागे घ्यायचे, पाटीवर लिहून धरलं की तोंड फिरवायचे. मी मात्र ओरडत राहिले. न्हाणीघराच्या दारातून ओरडले, शेताच्या बांधावर ओरडले, एकदा देवळात भर गर्दीत ओरडले की मला माहीत नव्हतं हो, देवाशपथ नव्हतं. विहिरीवरच्या बायका मला बघून गप्प व्हायच्या. न्हानू म्हणायचा, वयनी, पुरे, आमका सगळ्यांका म्हाईत आसा तुका म्हाईत नव्हता ता.

होय. एका माणसाला सोडून सगळ्या गावाला माहीत होतं.